आधी वजन, मग पाणी

किशोरीताई अंगणवाडीच्या सेविका. बावीस वर्षांत त्यांनी निम्म्या गावाला वजनकाट्यावर उभं केलंय, आणि दारात आलेल्या एकाही पोराला पाणी विचारल्याशिवाय आत घेतलेलं नाही. आल्यागेल्याला आधी पाणी द्यायचं, हे काही कुणी शिकवावं लागत नाही.

गेल्या वर्षी ऐन दाणा भरताना पावसाने पाठ फिरवली आणि भाताचा नुसता पेंढा हाती आला. फेब्रुवारीत विहीर आटली. आता टँकर तिसऱ्या दिवशी येतो. नागावच्या रिसॉर्टात पाहुण्यांच्या पोहण्याच्या टाकीला तो रोज जातो; तिकडचा रस्ता चांगला आहे, असं टँकरवाला सांगतो. पाणी नसेल त्या दिवशी अंगणवाडीत खिचडी शिजत नाही, चुरमुरे वाटतात. पोरं तक्रार करत नाहीत. तक्रार करायलाही अंगात थोडी ताकद लागते.

चार वर्षांच्या दीक्षाचं वजन मार्चमध्ये अकरा किलोंच्या खाली गेलं. म्हणजे नाव कुपोषितांच्या लाल यादीत आणि रोज दोन अंडी. एप्रिलमध्ये वजनाच्या दिवशीच टँकर आला. ताईंनी सवयीने सगळ्यांना आधी पाणी दिलं. दीक्षा दोन पेले गटागटा प्यायली आणि काटा अकराच्या वर गेला. ताईंनी आकडा मोबाइलमध्ये भरला. दुसऱ्या दिवशी वरून निरोप आला, मुलगी बरी झाली, अंडी बंद.

ताईंनी फोन लावला. "मुलगी सुधारली, ही चांगलीच गोष्ट आहे की," पर्यवेक्षिका म्हणाल्या. आकडा महिनाभर बदलता येत नव्हता. स्वतःचा इतका राग ताईंना कधी आला नव्हता. आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्या रोज दीक्षाला देत राहिल्या.

मे महिन्यातही टँकर नेमका वजनाच्या दिवशी आला. भरलेल्या हंड्यांपुढे ताई आडव्या उभ्या राहिल्या.

"ताई, पानी."

"आधी वजन, मंग पानी."

"लय तहान लागलीय."

"ठावं हाय मला. चढ."

दहा किलो आठशे. ताईंना हायसं वाटलं. पोर वाळल्याचं हायसं वाटावं याची शरमही वाटली. त्यांनी आकडा भरला आणि मगच पेला पुढे केला.

दीक्षा दोन पेले प्यायली, तोंड पुसलं आणि आपणहून पुन्हा काट्यावर चढली.

"आता झाली ना मी बरी?"

ताईंनी तिला उचलून कडेवर घेतलं.

"न्हाय गं बाय," त्या म्हणाल्या. "उद्यापासून अंडी हायत."