मधली जोडी

क्लबात त्याला सगळे 'बघूया' म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, बोलायला कमी, हाताला कायम ग्रीसचा वास. फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी पोकरच्या स्पर्धा व्हायच्या. तिथे तो न चुकता यायचा आणि न चुकता हरायचा. समोरच्याने कितीही चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, पुढे सरकवल्या तरी हा मान तिरकी करून "बघूया" म्हणायचा आणि तेवढ्याच चिप्स ओतायचा.

चांगले पत्ते त्याला खेळता येत. फालतू पत्ते तो सरळ टाकून देई. घोळ व्हायचा तो अधल्यामधल्या पत्त्यांनी. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते; मग टेबलावर सगळ्यांसाठी पहिले तीन पत्ते उघडायचे, म्हणजे फ्लॉप, आणि त्यातल्या मधल्या पत्त्याशी याची जोडी लागायची. धड जिंकण्यासारखी नाही, टाकून द्यावी अशीही नाही. याचा जीव तिच्यातच अडकायचा. स्पर्धेत चिप्स संपल्या की खुर्ची सोडायची, त्यामुळे हा बहुतेकदा चहा यायच्या आतच बाहेर.

त्याला सुधारायचं मनावर घेतलं मेहुण्याने. बायकोचा हा धाकटा भाऊ विमा कंपनीत नोकरीला होता आणि क्लबातला सगळ्यात चलाख खेळाडू होता.

"भाऊजी, तुम्ही नुसते पत्ते बघता. समोरचा माणूस बघतच नाही," तो म्हणाला. "फ्लॉपवर कुणीही उगाच बोली लावतो. तिथे डावात राहिलात तर चालेल. पण चौथा पत्ता उघडल्यावर तोच माणूस पुन्हा मोठी बोली लावतो, तेव्हा स्वतःला विचारा, मधल्या जोडीहून हलकं काही हातात असताना हा असं करेल का? उत्तर 'नाही' असं आलं, की पत्ते टाका."

"आणि तो थापा मारत असेल तर?"

"मारू दे. एक डाव गेला. खुर्ची तर राहिली?"

मग जेवणाच्या टेबलावर सराव सुरू झाला. बायको पत्ते वाटायची, पलीकडच्या खेळाडूच्या बोल्याही तीच लावायची. तिला खेळात गोडी नव्हती, पण नवरा एवढ्या मनापासून काही शिकतोय याचं कौतुक होतं. हळूहळू त्याच्या तोंडातलं 'बघूया' गेलं. आपल्यानंतर अजून कुणी बोली लावायची आहे, समोरच्याने आधी काय केलं, पुढच्या बोलीला आपल्याकडे उत्तर आहे का, हे तो तपासायला लागला. चहानंतरही त्याची खुर्ची टिकायला लागली. वर्षाच्या मोठ्या स्पर्धेत तो शेवटच्या तिघांत पोचला. जिंकणाऱ्याला राजधानीतल्या मोठ्या स्पर्धेत क्लबतर्फे पाठवणार होते. उरलेल्या दोघांत एक दातांची डॉक्टर होती, दुसरा मेहुणा.

त्याच्या हातात दश्शी आणि नव्वी आली. फ्लॉपला राजा, नव्वी, चव्वी. डॉक्टरीणबाईंनी पत्ते टाकले होते. मेहुण्याने बोली लावली, याने तेवढी भरली. चौथा पत्ता दुर्री, म्हणजे कुणाच्याच कामाचा नाही. मेहुण्याने जवळजवळ सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या.

त्याने शिकलेला प्रश्न मनात स्वतःला विचारला. मेहुण्याकडे राजा असणार, यात त्याला शंका वाटेना. घरच्या माणसाविरुद्ध, एवढ्या मोठ्या डावात, हातात काही नसताना कोण असं करेल? त्याने पत्ते टाकले.

मेहुण्याने आपले पत्ते उलटे करून दाखवले. सत्ती आणि छक्की, कशाशीच जोडी नाही. "भाऊजी, शिकवलेलं अगदी तंतोतंत लक्षात ठेवलंत," तो हसत म्हणाला. टेबलाभोवतीचे सगळे हसले. त्यानंतर दोनच डावांत याच्या चिप्स संपल्या.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. "मला वाटलंच होतं," ती सहज म्हणाली. "तो मध्यंतरी फोनवर विचारत होता, भाऊजी आता दुसऱ्या बोलीला टाकतात का. मी म्हटलं, टाकतात, दर वेळी टाकतात."

"तू सांगितलंस?"

"अहो, त्यानेच शिकवलंय ना तुम्हाला? त्याच्यापासून काय लपवायचं? आणि खेळच आहे तो."

पोकरमध्ये थाप मारणं हा काही गुन्हा नव्हे. मेहुणा खोटं बोलला नव्हता, बायकोही नाही. पूर्वीचा तो अडाणी 'बघूया' त्या थापेला मुळीच फसला नसता, चिप्स ओतून मोकळा झाला असता. त्याला शहाणं केलं होतं, आणि त्या शहाणपणाची किल्ली भावाबहिणीकडे होती. हे कुणाला सांगायला गेलं तर हरलेल्याचं रडगाणं वाटलं असतं.

ती स्पर्धा जिंकलेला मेहुणा राजधानीला जाऊन पहिल्याच दिवशी हरून आला. त्यानंतर तो घरी यायचा तेव्हा याला कुठली तरी लिफ्ट बंद पडल्याचं काम निघायचं. बायकोने दोनतीनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका क्लबात जायला लागला. तिथे मधली जोडी तो कधी टाकायचा, कधी धरून ठेवायचा, आणि त्यामागचं कारण कुणाला सांगायचा नाही. पुढच्या वर्षी तिथली स्पर्धा त्याने जिंकली. बायकोला ते कळलं वाण्याच्या दुकानात, त्या क्लबातल्या एका अनोळखी माणसाने तिचं अभिनंदन केलं तेव्हा.

"मला बोलला नाहीत," ती घरी येऊन म्हणाली. "कसे जिंकलात?"

"पत्ते चांगले आले," तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला.