सरासरीची वैरीण

खरं सांगा, सरासरी माणूस तुम्हाला आयुष्यात एकदा तरी भेटला आहे का? एसटीत शेजारी बसला, चहा प्यायला, उतरताना हात हलवला? मला नाही भेटला. माझ्या मावसबहिणीला भेटला असता तर तिनं त्याला स्टँडवरच खोटा ठरवला असता. सरासरीचा इतका मनापासून द्वेष करणारी दुसरी बाई तापीच्या दोन्ही काठांवर सापडायची नाही. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. अक्षरओळखसुद्धा मोर्च्याच्या पत्रकांवरून झाली, तेव्हा द्वेष मला कळतो. पण मी तो आरडाओरडा करून करतो आणि ही माझी ताई तो करते झोपेतल्यासारखी हसत.

ताईचं काम मेंदूचे नकाशे काढण्याचं. दूरच्या एका संस्थेसाठी ती रनाळ्यात, घराच्या माडीवर बसून ते करते. माणूस स्कॅनच्या यंत्रात शांत पडलेला असताना त्याच्या मेंदूचे कोणते भाग एकाच वेळी जागे होतात, याच्या नोंदी तिच्या लॅपटॉपवर येतात. पुष्कळ लोक अशा शेकडो नोंदी एकत्र कालवून त्यातून एक मधला मेंदू काढतात. ताई एकेकाचा वेगळा काढते. "शंभर जनासना चेहरा एकावर एक ठेवा, तं कोन दिसी? कोनीच नही," हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकवते, अगदी गॅसची टाकी घेऊन आलेल्यालासुद्धा. नंदुरबारचा शिंपी एकदा "मीडियम मापाचं शिवतो" म्हणाला, तर ही दुपारभर त्याच्या दुकानात बसली आणि डाव्या-उजव्या खांद्याची मापं वेगवेगळी लिहायला लावूनच उठली. ब्लाउज झकास झाला. फक्त तो घेऊन एसटीनं परत येताना ती तंद्रीत रनाळ्याला उतरायची विसरली आणि ब्लाउजसकट दोंडाईच्याला पोचली.

नंदुरबारच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या उघड्या मैदानांवर, ती नाकाला ओढणी बांधून तासन् तास बसते. मिरच्यांचे ढीग पडले की ती आधी ढीग मोजते: इतकी बेटं. बाया पसरायला लागल्या की बेटं एकमेकांना भिडतात, लाल वर्तुळं होतात, मध्ये मातीची मोकळी जागा उरते. काही जागा लगेच बुजतात, काही उन्हं कलेपर्यंत तशाच राहतात. "टिकस तेच खरं," ती पुटपुटते. मेंदूतही ती हेच बघते. आधी अगदी घट्ट जोडीनं चालणारे भाग तेवढे धरायचे, मग अट हळूहळू सैल करायची, आणि कोणती बेटं कधी जुळली, कोणतं वर्तुळ किती टिकलं ते लिहून ठेवायचं. तिच्या मते ही यादी ज्याची त्याची निराळी असते. नाव पुसलं तरी बऱ्याचदा माणूस ओळखता येतो. ती हे सांगत असते तेव्हा समोरचं लाल मैदान मलाही कुणाच्या तरी डोक्यासारखं दिसायला लागतं, मंद श्वास घेणारं.

पथारीवरच्या जमनाबाईंनी शेवटी विचारलंच, "दिसभर आमले काय दखी ऱ्हायनी वं, ताई?"

"तुमना डोकाना नकाशा काढू का?"

"काढ. पन माले दखाडजो."

ताईनं शब्द दिला. जिचा नकाशा तिच्या हातात.

सहा जणी तयार झाल्या. शहरातल्या एका स्कॅन केंद्रानं दुपारची रिकामी वेळ दिली. यंत्रात धातू चालत नाही, आणि जमनाबाईंच्या पायातली चांदीची कडी लग्नापासून निघालेली नव्हती. ताईनं त्यांचे पाय मांडीवर घेतले, साबण लावला आणि अर्ध्या तासात कडी सोडवली. यंत्र धडधडायला लागलं तशा जमनाबाई आतून ओरडल्या, "इतला ठोकाठोक करतस आनि माले म्हनतस, शांत पडी ऱ्हाय!"

त्यांच्या नकाशात ताईला एक वर्तुळ सापडलं. मोठं, सगळ्यांत जास्त टिकणारं. आठवडाभर ती छापलेला कागद पदराखालच्या तान्ह्यासारखा घेऊन हिंडत होती. मग तिनं डोक्याच्या हालचालींची नोंद शेजारी ठेवली. जमनाबाई खोकल्या की वर्तुळ उमटत होतं. खोकल्याचे क्षण वगळले की त्याचा मागमूस राहत नव्हता. सहाही जणी खोकल्या होत्या. मिरचीच्या धुळीत हंगाम काढलेली छाती वीस मिनिटं गप्प कशी राहणार? संस्थेतल्या सरांचा निरोप आला, हललेली डोकी वगळा, उरलेल्यांवर काम करा. संस्थेच्या यादीत उरली होती ती सगळी कॉलेजची मुलं.

माझं डोकं तापलं. मी माडीवरच पत्रक लिहायला घेतलं: 'खोकणाऱ्यांना मेंदू नसतो काय?'

"फाड ते," ताई म्हणाली. "सर खरं बोली ऱ्हायनात. खोटा नकाशा दिना तं मी तिले दुसरानं डोकं दिनं." पण थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आनि ह्या सहाजनी काढी टाक्या, तं पथारीवर कोनलेच डोकं नही, असं व्हई जाई."

ती पथारीवर गेली आणि खरं ते सांगितलं. जमनाबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"मंग हाई मन्हं डोकं नही?"

"नही. हाऊ तुमना खोकला शे."

"खोकला बी मन्हाच शे ना वं!" म्हणत त्यांनी कागद घडी करून कमरेला खोचला आणि मिरच्या पसरायला निघून गेल्या.

त्या दिवशी ताई ढीग न मोजताच घरी परतली.

आता ती थांबली आहे. पावसाळ्यात पथाऱ्या बंद असतात, छाती निवते. तेव्हा पुन्हा नकाशे काढायचे असं तिनं ठरवलंय, पण स्कॅन केंद्राची रिकामी वेळ तोवर संपलेली असेल आणि दुसरीकडून होकार आलेला नाही. लॅपटॉपवर सहा नावांची सहा नवी फोल्डर तिनं पुढच्या नकाशांसाठी करून ठेवली आहेत. संध्याकाळी माडीवर ती एकेक उघडते, आत अजून काही नसतं, आणि हळूच बंद करते.

म्हणून हे लिहिलं. पत्रक तिनं फाडायला लावलं, हे फाडू देणार नाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्या ओळखीत कुणाकडे असं यंत्र असेल तर आजच त्यांना विचारा आणि श्रावणातल्या सहा दुपारी आमच्यासाठी मागून घ्या. बाया वेळेवर येतील. एखादी खोकलीच, तर तिला बाहेर काढू नका. पाणी द्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.