धाकटी

भित्रेपणा ही विद्या असती, तर आमच्या शेजारच्या भूगोलाच्या मास्तरांना साऱ्या नाशिकने गुरू केलं असतं. साप, विंचू, देवळालीचे गोरे सोजीर यांना ते भीत नसत. भीत ते फक्त नासर्डीला. ही बापडी अंजनेरीकडच्या डोंगरात जन्मते, सातपूरच्या शेतांतून वाट काढते आणि टाकळीला गोदावरीला मिळते. उन्हाळ्यात तिच्यात म्हैससुद्धा धड भिजत नाही. पण मास्तर म्हणत, "अहो, डोंगर जवळ, उतार मोठा. इथे ऊन पडलेलं असतं आणि तिकडून ती निघालेली असते!" फळ्यावर तिची रेघ काढून होताच ते दोन पावलं मागे सरत. रोज गच्चीवर दात घासताना ते अंजनेरी न्याहाळत. डोंगर ढगात गेला की घरातली अंथरुणं माळ्यावर जात. तिचं नाव तर चुकूनही घेत नसत. गोदावरी थोरली, म्हणून ही ‘धाकटी’. आम्ही पोट धरधरून हसायचो.

या शब्दानेच घात केला. भाद्रपदातली दुपार, लख्ख ऊन. मास्तर गच्चीवरून ओरडले, "धाकटी आली! धाकटी आली!" मास्तरांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, धाकटी बहीण सिन्नरला दिलेली, गौरींना यायची होती. त्यातून दोन जिवांची. नदी ओलांडतानाच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, म्हणून काकू तो घेऊन नदीवरच्या ठेंगण्या फरशी-पुलाकडे धावल्या. मास्तर खाली आले तर चूल पेटलेली आणि घर रिकामं. "ही कुठे गेली हो?" मी नदीकडे बोट दाखवलं.

नदीकाठच्या चिंचेपलीकडे कधी पाऊल न टाकणारे मास्तर धोतर सावरायचं विसरून धावले. मागे मी. काकू फरशीच्या मधोमध, सिन्नरच्या वाटेकडे डोळे लावून उभ्या. वरच्या अंगाने जात्यासारखी घरघर ऐकू येत होती. "अगं, बहीण नव्हे! नासर्डी! नासर्डी आली!" घोट्याएवढ्या पाण्यात शिरून त्यांनी काकूंचा हात धरला आणि ओढत काठावर आणलं. मागोमाग तांबडं पाणी झाडंझुडपं घेऊन आलं, आणि फरशी दिसेनाशी झाली. भाकरतुकडा काकूंच्या हातून केव्हाच पडला होता.

"ओवाळायचं राहिलं की हो," त्या म्हणाल्या.

"धाकटीनं घेतला," मास्तर म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

बहीण दुसऱ्या दिवशी सुखरूप आली. मास्तर मात्र त्यानंतर नदीचं नाव स्वच्छ घेऊ लागले. आणि अंजनेरी झाकली की चारचौघांत काकूंचा हात धरून बसू लागले. "सोडा ना, लोक बघताहेत," काकू लाजून म्हणत. ते सोडत नसत.

आता मास्तर नाहीत. डोंगर ढगात गेला की काकू ओटीवर येऊन बसतात आणि उजवा हात पदराबाहेर काढून ठेवतात.