कांबळे सरांनी पकडलेल्या कॉप्या

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्याकडे कॉपीचे किस्से न मागता साचतात. लातूरच्या आमच्या कॉलेजात कांबळे सर माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. पोरांचे प्रोग्राम एकमेकांशी ताडून बघणारं सॉफ्टवेअर त्यांनी लॅबमध्ये आणलं, आणि मग तर रोजचंच झालं.

*

मराठवाड्यातले जिल्हे छापणारा प्रोग्राम लिहायला दिला होता. जिल्हे आठ. अख्ख्या बॅचच्या प्रोग्राममध्ये नऊ! नववा उदगीर.

"उदगीर जिल्हा कधी झाला रे?" सरांनी विचारलं.

मागून आवाज आला, "झाला न्हाई सर, पण व्हायला पायजे!"

मूळ प्रोग्राम कुणाचा, ते वेगळं विचारावं लागलं नाही.

*

नायगावच्या एकानं मित्राचा प्रोग्राम घेऊन त्यातली नावं तेवढी बदलली. 'टोटल'च्या जागी 'बैल', 'काउंट'च्या जागी 'नांगर'. तरी सापडला.

"सर, सॉफ्टवेअरला मराठी येतं का?"

"न्हाई येत. पण बैल बदलले तरी नांगराचं तास तेच हाय की बाबा!"

*

एकाच्या प्रोग्राममध्ये वरच ओळ होती, 'भाऊ, इथं तुझं नाव टाक.'

"हा भाऊ कोण?"

"मीच सर," तो खाली मान घालून म्हणाला.

*

दुष्काळाच्या वर्षी मात्र कुणी हसलं नाही. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. मुलींच्या होस्टेलचे नळ कोरडे, सगळी भिस्त टँकरवर. लोह्याची सुजाता आणि चाकूरची मनीषा एकाच खोलीत राहायच्या. दोघींचे प्रोग्राम जसेच्या तसे निघाले. नियमाप्रमाणे दोघींना शून्य, म्हणजे विषय गेला.

"कुणी कुणाचा घेतला?"

"मी हिचा घेतला सर," सुजाता म्हणाली. "हिला कायबी करू नका."

मनीषा रडायलाच लागली. "सर, माझी कंबर धरली होती. दोघींचं पाणी हीच भरून राहिली. रांगेतून येईस्तोवर लॅब बंद व्हायची. ती कॉपी असंल, तर तिनं आणलेलं पाणी मी प्याले, ते काय हाय?"

सरांनी दोघींना वेगवेगळ्या मशीनवर बसवलं आणि नवा प्रश्न दिला. "आपापला लिहा. आजच."

अर्ध्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. सुजाता सवयीनं उठली.

"बस खाली," सर बाह्या सारत म्हणाले. "घागरी कुठं हायत तुमच्या?"