थंड जागा

डॉक्टरांची जुनी गाडी तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली डोकावून पाहिलं. घराखालीच नवऱ्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती.

"चढावर पुन्हा उकळली," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही म्हणालात थर्मोस्टॅट, बदलला. मग म्हणालात पंखा, तोही बदलला. आता ड्रायव्हर बदलू का? उद्या तोच चढ चढून बहिणीकडे जायचंय मला."

नवरा हसला नाही. पाण्याचा तांब्या घेऊन ती खाली उतरली.

जुन्या गाड्या त्याच्याकडे लांबलांबून यायच्या त्या त्याच्या तळव्यासाठी. गाडी तापवायची, इंजिन बंद करायचं आणि रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवायचा. सगळीकडे चटका बसतो. जिथे बसत नाही, तिथल्या नळ्या गाळाने बुजलेल्या. तिथे खडूने खूण करायची, तेवढंच उघडून सळईने साफ करायचं. "म्हाताऱ्या नळ्या आहेत. सरसकट टोचल्या तर चांगल्याही फुटतील," असं तो म्हणे. कुणी तपासणीच्या यंत्राचं नाव काढलं की, "मग यंत्रालाच दाखवा!"

आत्ताही तो हात फिरवत होता. पुन्हा पुन्हा, त्याच जागेवरून. तांब्या घ्यायला त्याने हात पुढे केला, तेव्हा तिला तळव्यावरचा फुटलेला फोड दिसला.

"अहो, हे केव्हा भाजलं?"

"काय?" त्याने दुसऱ्याचाच असल्यासारखा तो हात पाहिला.

त्याचा साखरेचा आजार जुना होता. हल्ली चालता चालता त्याच्या पायातली चप्पल निसटायची आणि त्याला पत्ताच नसायचा. "चपला हरवायचं वय आहे का हे?" म्हणून तिने चार जणांत थट्टाही केली होती. पायांचा बधिरपणा हातापर्यंत आला, हे त्याने तिला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर दाराशी फोनवर बोलत होते. तो हळूच म्हणाला, "जरा तू बघ ना हात लावून."

तिने जाळीवर तळवा ठेवला. वर, खाली, कडेला. सगळीकडे सारखंच कोमट. तीस वर्षं उकळती पातेली फडक्याशिवाय उतरवणारे हात ते. "आई, तुझे हात आहेत की चिमटे?" असं लेक ओरडायची, तेव्हा तिला केवढा अभिमान वाटायचा!

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखा.

"इथे," ती म्हणाली. डाव्या कोपऱ्यावर तिने बोट ठेवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मलाही तिथेच वाटत होतं," तो घाईघाईने म्हणाला आणि खडू उचलला.

"सापडलं का?" जाळीवर टेकलेलं तिचं बोट पाहत डॉक्टर आत आले. "वा! म्हणजे वहिनी, मालक तुम्हीच."

ती हसली. हसू नये तर काय करावं? नवरा वाकून पाइपचे क्लँप सोडवू लागला. त्याच्या बोटांतून पाना निसटला, दणकन फरशीवर पडला. तिने तो उचलून त्याच्या मुठीत दिला आणि मूठ नीट मिटलीय का, ते पाहत तिथेच उभी राहिली.