एका उन्हाचं मटण

कासमभाई गेल्याची बातमी मला कुवेतच्या शुवैख बंदरातल्या गोदामात कळली. बोटीतून उतरलेल्या तांदळाच्या गोण्यांवर मी खडूने खुणा करत होतो. इस्पितळातून आलेला माणूस घाईत होता. "मेसमधले कासम तुमचे कोण?" त्याने विचारलं. "बहिणीचे यजमान," मी म्हणालो. "ते गेले. सकाळी चुलीपुढेच पडले. इस्पितळात पोहोचायच्या आतच..." खरं सांगायचं तर मला रडू आलं नाही. हा कुणा दुसऱ्याच कासमबद्दल बोलत असणार, असं वाटलं. मी त्याला मेसचं नाव विचारलं, गावाचं नाव विचारलं, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे का तेही विचारलं. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "भाईसाब, विश्वास नसेल तर चलून बघा." ...विश्वास नसेल तर! कासमभाईंबरोबर मी तेरा वर्षं एका खोलीत काढली, आणि त्यातली पहिली दोन त्यांच्यावर पाळत ठेवण्यात घालवली. ते लिहून टाकायला हवं, असं त्यांना माती दिल्यापासून वाटतं आहे.

मी कुवेतला आलो तेव्हा शहराभोवतीची मातीची भिंत अजून उभी होती. बाणकोटच्या खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यातली बरीच माणसं इथे होती; कुणी बंदरात, कुणी दुकानात, कुणी साहेबांच्या मोटारीवर. कासमभाई एका बांधकाम कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. त्याआधी ते बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करणारे. लढाईच्या काळात त्यांची बोट सयामच्या बंदरात अडकली आणि चार वर्षं त्यांचा काही ठावठिकाणा नव्हता. मेला असं समजून घरच्यांनी रडून घेतलं होतं. लढाई संपल्यावर ते उगवले, आणि दोन वर्षांनी माझ्या मोठ्या बहिणीशी, खैरूनआपाशी, त्यांचं लग्न झालं. माझ्या अब्बांनी ते लग्न लावून दिलं खरं, पण ती चार वर्षं त्यांच्या घशाखाली कधी उतरली नाहीत. मला निरोप देताना धक्क्यावर मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "चार वरसं माणूस काय नुसता समुद्र बघत बसला व्हता? तू त्याच्याजवळ ऱ्हाशील. काय दिसंल ता मना लिव." मी तेव्हा वीस वर्षांचा. नोकरीपेक्षा हेच काम मोठं आहे, असं मला वाटलं.

पहिल्याच शुक्रवारी सकाळी कासमभाई बाजारातून मोठ्याचं, म्हणजे बैलाचं, मटण घेऊन आले आणि गच्चीवर गेले. मी पाठोपाठ. त्यांनी मटणाच्या बोटभर जाड, वीतभर लांब पट्ट्या कापल्या, रेषा धरून, आडव्या नाही. मग कोथिंबिरीची जुडी घेतली, पानं बाजूला टाकली आणि मुळं धुऊन खलबत्त्यात घातली. कोथिंबिरीची मुळं आमच्याकडे कोंबड्यांपुढे टाकतात. मुळं, लसूण, मिरी आणि धणे त्यांनी एकत्र कुटले, त्यात खजुराचा काळा पाक घातला, आणि शेवटी एका बाटलीतलं तपकिरी पाणी. त्या पाण्याला असा वास होता की मी नाकावर हात धरला. सगळं पट्ट्यांना चोळून त्यांनी दुपारी त्या जाळीच्या चौकटीवर एकेक करून मांडल्या, आपल्याकडे बोंबील वाळत घालतात तशा, आणि वर मलमल पसरली. मग स्वतः सावलीला बसून राहिले, मांजरं हाकत.

"ह्या काय?" मी विचारलं.

"एका उन्हाचा मटण. सयामात ह्येला तसाच म्हणतात. एक ऊन खायाचा नि तळायचा. हय उन्हाळ्यात अर्धा बी पुरतां."

"कुणी शिकवलं?"

"हुतां कोणतरी," ते म्हणाले आणि मलमल नीट करायला उठले.

हे ‘कोणतरी’ मी त्याच आठवड्यात अब्बांना लिहून कळवलं. संध्याकाळी तळलेल्या पट्ट्या पानात आल्या. बाहेरून कडक, आत ओलसर, गोडसर खारट, चावता चावता जबडा दुखेल अशा. मी चार खाल्ल्या. खाताना विचार करत होतो की हा हात पुरुषाकडून शिकलेला नाही. बोटीवरचा भंडारी डाळ-भात शिकतो. मांजरं हाकत अर्धा दिवस बसायला त्याला कोण शिकवणार?

त्या बाटलीने तर माझी झोप उडवली. ती कापडात गुंडाळून पेटीमागे ठेवलेली असे. इथे दारू सापडली तर काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. कासमभाई मेसवर गेले असताना मी बूच काढून जीभ लावली आणि ओकायचा राहिलो. नंतर इराणी दुकानदाराकडे तशाच बाटल्या रांगेने मांडलेल्या दिसल्या. महियावा म्हणतात त्याला. बारीक मासळी खारवून, कुजवून काढलेलं पाणी, इराणी लोक भाकरीवर लावतात. सयामातही माशाचं असंच पाणी घालतात, ते इथे मिळत नाही म्हणून कासमभाई हे गाळून घेत. एवढा साधा उलगडा झाल्यावर मला लाज वाटायला हवी होती. उलट मला राग आला, हातातला एक पुरावा गेला म्हणून.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा मी पेटीच उघडली. कपड्यांच्या तळाशी पुठ्ठ्यात जपून ठेवलेला फोटो होता. डोक्यावर ओढणी घेतलेली, चपट्या नाकाची, हसरी बाई. मांडीवर तान्हं मूल. पाठीमागे सयामी अक्षरांत दोन ओळी. शुवैखच्या धक्क्यावर सयामी खलाशी अधूनमधून येत. एखाद्याला दाखवून ‘काय लिहिलंय?’ विचारायला पाच मिनिटं लागली असती. पण मी विचारलं नाही... कारण मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

त्यानंतर महिन्याभरातच मी त्यांना एका घरमालकाशी बोलताना पाहिलं. समुद्राकडच्या गल्लीतल्या दोन खोल्या ते बघत होते. मी दाराआड उभा राहून ऐकलं. "पर्दा चाहिए," कासमभाई सांगत होते, "औरत आएगी." त्याच आठवड्यात ते एक आरसा घेऊन आले आणि मला दिसू नये म्हणून खाटेखाली सरकवून ठेवला. त्या दिवशी बंदरातून आल्यावर मी तीन पानी पत्र लिहिलं. कासमभाईंची सयामात बायको आहे, मूल आहे, आणि आता ते तिला कुवेतला आणून ठेवणार आहेत. ते लगेच पोस्टात टाकलं. बहिणीचं भलं करतो आहे, अशीच माझी समजूत होती.

दीड महिन्याने कासमभाई मेसवरून दुपारीच परत आले. हातात आपाचं पत्र होतं. अब्बांनी तिला आणि तिच्या सहा वर्षांच्या लेकीला, नूरीला, सासरहून उचलून माहेरी आणलं होतं, मोहल्ल्यातली चार माणसं बसवून तलाकाची बोलणी काढली होती. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. ते वर आले आणि कठड्यावर बसले. मला वाटलं, आता हात उचलतील. मी तयारीत होतो.

"त्या खोल्या खैरूनसाठी व्हत्या," ते म्हणाले. "तिना नि नूरीला आणायचे कागद साहेबाकडं सहीला हाईत. हातात आल्याबिगर तिला आशा लावायची नाय, म्हणून कुणाला बोललो नाय."

"आणि फोटोतली?" माझ्या आवाजात तेव्हाही धार होती.

"मरियम. माझी बायको. बाळ आठ महिन्यांचा हुता. दोगंव तापानं गेली, एका आठवड्यात." त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. "तिचा बाप पठाण, खाटीक. तिची आय सयामी. बोट अडकली तवा त्यांनी मना घरात ठेवला. उरलेला मटण सुकवायचं काम माझ्याकडं. मरियम शिकवायची... खैरूनला सगळं म्हायीत हाय. लग्नानंतर पयल्या आठवड्यात मी सांगितलाय तिना."

मी कपड्याचं पिळलेलं टोक हातात धरून उभा होतो. विश्वास बसला का? तेव्हाही नाही. ‘सांगितलंय कशावरून?’ हाच प्रश्न मनात आला. फोटो घेऊन मी दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गेलो आणि एका सयामी सारंगाला, खलाशांच्या मुकादमाला, शोधून काढलं. त्याने मोडक्या हिंदीत वाचून दाखवलं: मरियम आणि मूल, अल्लाच्या घरी. तारीख लढाईतली होती.

मग मी अब्बांना दुसरं पत्र लिहिलं. माझी चूक झाली, आपाला परत पाठवा. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘कासमने तुला बसवून हे लिहून घेतलं आहे, हे आम्ही ओळखतो.’ आपानेही तेच भोगलं. मला सगळं ठाऊक आहे, असं ती सांगत होती आणि अब्बा म्हणत होते, त्यानेच तुला पढवून ठेवलंय. अब्बा वाईट माणूस नव्हते. पण संशय एकदा अंगात मुरला की खरं बोलणाराच आधी खोटा ठरतो, हे मी आमच्या घरात पाहिलं. आणि तो संशय मी तीन पानं भरून पुरवला होता.

अकरा महिने असे गेले. एका सकाळी आपाने नूरीचा हात धरला, कुणाला न विचारता खाडी ओलांडणाऱ्या होडीत बसली आणि सासरी निघून गेली. अब्बा धक्क्यापर्यंत ओरडत गेले. ती मागे वळली नाही. पण तोवर इथे सगळं फिरलं होतं. कंपनीचं काम संपलं, सही करणारा साहेब गेला, नव्या मेसवाल्याने स्वयंपाक्याच्या बायकोमुलांसाठी कागद करायला साफ नकार दिला. खोल्यांत दुसरं बिऱ्हाड आलं. पुढे कासमभाईंनी तीनदा खटपट केली, तिन्ही वेळा काहीतरी आडवं आलं. दोन वर्षांतून एकदा मिळणारी सुट्टी, एवढाच त्यांचा संसार. खैरूनआपाने कुवेत कधी पाहिलं नाही.

त्या दुपारनंतर कासमभाई माझ्याशी या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. मी वेगळी खोली बघतो म्हटलं तर म्हणाले, "कशाला? हय जागा हाय." शुक्रवारी माझ्या पानात चार पट्ट्या पडतच राहिल्या. मला तेही संशयास्पद वाटे. हा माणूस चिडत कसा नाही? एक दिवस वसूल करणार असेल... मी वर्षानुवर्षं त्या दिवसाची वाट पाहिली. मला ताप आला की ते पेज करून पाजत, आणि पहिला घोट घेताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असे. तो दिवस आलाच नाही. मग ते चुलीपुढे पडले.

त्यांचं सामान घेऊन गावी जायचं ठरलं तेव्हा वाटलं, आपासाठी ते मटण न्यावं, सुट्टीत गेले की कासमभाई तिला करून घालत ते. आणि लक्षात आलं की मला ते येत नाही. तेरा वर्षं मी त्या हातांकडे बघत होतो, पण बघत होतो ते काहीतरी पकडण्यासाठी. लसूण किती, पाक किती, मटण कधी उलटायचं, काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. पहिल्या खेपेला तौज आला, म्हणजे इथलं धुळीचं वादळ, आणि सगळ्या पट्ट्यांवर वाळू बसली. दुसऱ्या खेपेला पाक जास्त होऊन तळताना काळ्या पडल्या. तिसऱ्या वेळी जरा जमलं. बोटीच्या प्रवासात टिकावं म्हणून मी एकाऐवजी तीन उन्हं दिली आणि डबा बंद करून निघालो.

आपा ओटीवर बसली होती. तिने सामान उघडलं. कपडे, जपाची तसबी, आरसा, आणि पुठ्ठ्यातला तो फोटो. फोटो तिने पदराने पुसून कपाटात ठेवला, कासमभाईंच्या फोटोशेजारी. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "जेवलास?" मी डबा पुढे केला. तिने चुलीवर तेल ठेवलं, पट्ट्या तळल्या, एक नूरीला दिली, एक मला, एक स्वतः तोंडात टाकली. आम्ही तिघं बराच वेळ नुसते चावत बसलो.

"कडक झालाय," आपा म्हणाली. "लसूण बी कमी."

"पहिल्यांदाच केलं," मी म्हणालो.

"त्यांचा बी पयल्यांदा असाच झाला असंल." तिने आणखी एक पट्टी उचलली, मधोमध तोडली आणि अर्धी माझ्या पानात ठेवली. मग खिडकीबाहेर बघत, शेजारच्या घरातल्या सुगरण बाईबद्दल बोलावं इतक्या सहज म्हणाली, "मरियमच्या हातचा कसा लागत असंल रे?"