सोड म्हटलं की सोडायचं

"हात लावू नगंस तिला!"

"आवो वस्ताद, जीभ चावायलीया ती! तोंडात कापड तरी घाला!"

"लांब हो म्हणतोय न्हवं? आधी विष घालायचं आन् वर कापड घाला म्हणायचं!"

"विष? म्या घातलं?"

"मग काय माज्या आज्यानं घातलं?"

तालमीच्या दारात हरणी आडवी पडून चारी पाय झाडत होती. मुधोळ जातीची कुत्री, एरवी वाऱ्याशी बोलणारी. आता तोंडाला फेस, डोळे पांढरे, अन् दर झटक्यासरशी डोकं फरशीवर आपटत होतं. भावकू वस्तादानं तिला कर्नाटकातल्या मुधोळकडच्याच एका धनगराकडून पिल्लू असताना आणलं होतं. तिला कानडीच कळायचं, म्हणून हा अस्सल मराठी पैलवान तिच्याशी कानडीत बोलायचा. आताही तो गुडघ्यावर बसून तिच्या कानाशी "एळ, हरणी, एळ" म्हणून उठवत होता, आणि मान वळवून दिपालीला शिव्या घालत होता.

आठ दिवस हरणी गोचीड-तापानं पडून होती. आठही दिवस वस्तादाचं निम्मं लक्ष आखाड्यात, निम्मं तिच्या पोत्यावर. एका हातानं दुधात भाकरी कुस्करायची, दुसऱ्या हातातली काठी दिपालीवर उगारायची.

ह्या दिपालीची गोष्टच निराळी. एकोणीस वर्षांची, उसाच्या फडात वाढलेली, अंगात बैलाचं बळ. तीस वर्षांच्या वस्तादकीत असा पठ्ठ्या भावकूच्या हाताखाली आला नव्हता. पण तालमीचा पहिला नेम तिच्या डोक्यात शिरत नव्हता. वस्ताद सोड म्हटलं की सोडायचं. दिपाली सोडायची नाही. सोमवारी जोडीतल्या रविराजचा हात तिनं असा पिळला, की खांदा निखळल्याचा आवाज बाहेरच्या पारापर्यंत गेला. वस्तादानं पाठीवर चार काठ्या ओढल्या. त्यावर सगळ्या पोरांदेखत ती म्हणाली होती, "कुत्रीला दूधभाकरी आन् आमाला काठी! एक दिवस विषच घालते तिला."

बोलली ती सोमवारी. आज शनिवार.

"उद्याची निपाणी इसर," भावकू उठत म्हणाला. "तुजं नाव काढलं म्या."

दिपालीचा चेहराच उतरला. उद्या निपाणीत बेळगावच्या क्रीडा वसतिगृहाची निवड होती. पुढल्या साली तिचं वय बसत नव्हतं. उद्या नाही तर कधीच नाही, आणि मग आयुष्यभर फड.

"वस्ताद, आयची आन. रागात बोलले म्या. बोलणारी काय करती व्हय?"

"तू करशील. हाडं मोडताना हात कापत न्हाई तुजा, तर—"

"आवो, पर तिनं माजं काय वाईट केलंय?"

"उलट बोलतीस!"

काठी बसली. पहिली दंडावर, दुसरी पाठीवर. तिसरी तिनं वरच्या वर धरली, मांडीवर मोडली आणि दोन्ही तुकडे आखाड्यात फेकले. भावकूनं थोबाडीत दिली. ओठ फाटला, रक्त हनुवटीवर आलं. तिनं ते जिभेनं चाटलं, आणि पुढच्या क्षणी साठीचा वस्ताद हवेत होता. ढाक! डाव त्यानंच शिकवलेला. पाठ तांबड्या मातीवर आदळली, तिचा गुडघा छातीवर आला, हात मागं पिळला गेला.

"बोला! कुणी घातलं विष?"

"तू!"

हात आणखी वर गेला. खांद्यात कळ उठली. रविराजचा तो आवाज भावकूच्या कानात घुमला.

"बोला!"

"सोड," तो कण्हला. "दिपे, सोड."

आणि तिनं सोडलं. तिथल्या तिथं. भावकू मातीत तसाच पडून राहिला. मार खाल्ल्यापेक्षा ह्यानंच तो जास्त गांगरला.

एवढ्यात फटफटी वाजली. त्यानं मघाशीच फोन लावला होता, ते जनावरांचे सुहास डॉक्टर सदलग्याहून आले. मातीनं माखलेला वस्ताद आणि रक्ताळलेली पोरगी त्यांनी एकदा पाहिली, काही विचारलं नाही. हरणीजवळ वाकले, तिच्या मानेचा वास घेतला.

"हिला तंबाखूचं पाणी कुणी लावलं?"

भावकू अंगावरची माती झटकू लागला.

"भावकूआण्णा, मी विचारतोय."

"म्या," भावकू म्हणाला. "सकाळी. तुमी लिवल्यालं औषिद दुकानात न्हवतं. वखारीतला चुरा रातभर भिजवला आन् चोळला. आमचा बा बैलाला असंच लावायचा. गोचीड पटापटा गळायचं."

"बैल केवढा, ही केवढी! अंगभर खाजवून जखमा झाल्यात, त्यातून आत गेलं. वर हिनं चाटलंय. निपाणीकडच्या माणसाला तंबाखू म्हणजे देवाचा अंगाराच वाटतो! पाणी आणा, साबण आणा. डोकं कुणीतरी घट्ट धरा."

भावकू पाणी आणायला धावला. डोकं धरायला दिपालीच पुढं झाली. मघापासून तोच तंबाखूचा वास वस्तादाच्या हातांना येत होता, आणि तिच्या गालावर उठलेल्या बोटांनाही असणार.

पाणी ओतताच हरणी उसळली. झटक्यात तिचे दात दिपालीच्या उजव्या मनगटात रुतले. भावकू ओरडला, "दिपे, सोड तिला, सोड!" दिपालीनं ओठ आवळले, पण पकड ढिली केली नाही. डॉक्टरांनी दोन सुया दिल्या, कुत्री सैल पडली, तेव्हा कुठं जबडा उघडला. फरशीवरचं साबणाचं पाणी लाल झालं होतं.

तासाभरानं हरणीचा श्वास संथ झाला. "वाचेल असं वाटतंय," डॉक्टर पेटी आवरत म्हणाले. "हिची लस झालीय, तरी पोरी, तू आजच्या आज दवाखान्यात जा. जखम खोल आहे."

ते गेले. दिपाली नळाखाली हात धरून उभी राहिली. भावकू दोनदा तिच्याजवळ आला, दोनदा मागं फिरला.

"उद्या सातची बस हाय," शेवटी तो म्हणाला. "तुजं नाव परत लिवतो."

तिनं ओढणी फाडून हाताला गुंडाळली, गाठ दातानं ओढली.

"म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं गं. आपलाच हात, आन् नाव तुजं घेतलं. चुकलं."

तिनं वाकून आखाड्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली. पठ्ठ्यानं मातीनंतर वस्तादाच्या पायाला हात लावायचा असतो. भावकूनं नकळत पाय पुढं केला, आणि शरमून मागं घेतला.

"दिपाली, बोटं मिटत्यात का? उजवाच हात हाय तो. मूठ करून दाव बघू एकदा. दाव की गं!"

दिपालीनं डाव्या हातानं चपला उचलल्या, हरणीला ओलांडलं आणि उसाच्या फडाच्या वाटेनं चालू लागली.